आजी चार पावलांवर होती

माझ्या फोनमध्ये आजीच्या खुब्याच्या दोन एक्स-रेंचे फोटो आहेत. पहिला सोमवारचा, दुसरा शुक्रवारचा. दोन्ही फॅमिली ग्रुपवर आलेले. पहिल्याखाली आत्यानं हात जोडलेले तीन इमोजी टाकलेत आणि लिहिलंय, 'हाड शाबूत. देवाची कृपा.' दुसऱ्याखाली बराच वेळ कुणीच काही लिहिलेलं नाही. मग माझा मेसेज आहे: 'मी निघतोय. सगळ्या टेस्ट करून घ्या. पैशाचं बघू नका.'

हा लेख माझ्या त्या मेसेजबद्दल आहे. तो पाठवताना मला वाटलं होतं, जबाबदार नातवानं असंच लिहायला हवं. आता तसं वाटत नाही. का वाटत नाही, हे मला नीट मांडून बघायचंय. आज ना उद्या तुमच्याही फोनवर असा एखादा फोटो येईल, तेव्हा कदाचित उपयोगी पडेल.

पहिला फोटो

आजी ब्याऐंशी वर्षांची. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात एकटी राहायची. बाबा आणि मी पुण्यात, आत्या साताऱ्यात. सोमवारी पहाटे मोरीकडे जाताना ती पडली. शेजारच्या काकूंनी उचललं, रिक्षा बोलावली, जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे एक एक्स-रे काढला. त्यात काही मोडलेलं दिसलं नाही. मुका मार आहे, आठवडाभर आराम करा, दुखलं तर गोळी घ्या. घरी आल्यावर आजी भिंतीला धरून दोन-चार पावलं चाललीसुद्धा. 'चालतीय म्हणजे मोडलेलं नाही' हे आपल्याकडचं सर्वमान्य निदान. मग तेल कोमट झालं, पाय चोळून झाला.

खुब्याचं हाड मोडून सरकलं की पाय आखूड होतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलतं. हे लक्षण इतकं ठळक असतं की जाणता माणूस दारातूनच ओळखतो. पण कधीकधी मोडलेले तुकडे सरकत नाहीत, एकमेकांत रुतून बसतात. मग पाय सरळच दिसतो. माणूस लंगडत का होईना, चालतो. काही थोड्या रुग्णांच्या बाबतीत तर साध्या एक्स-रेवर भेग दिसतच नाही, ती एमआरआयमध्ये सापडते. म्हणून एक्स-रे समोरून आणि बाजूनं असा दोन्हीकडून काढायचा असतो. तरीही तो स्वच्छ आला, पण म्हातारं माणूस पडलंय, जांघेत दुखतंय आणि पायावर भार देता येत नाहीये, तर फोटोपेक्षा दुखण्यावर जास्त विश्वास ठेवायचा. ब्रिटनमधल्या 'नाईस' या संस्थेच्या २०११ सालच्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात: संशय असेल तर एमआरआय करा, आणि तो चोवीस तासांत होणार नसेल तर सीटी स्कॅनचा विचार करा.

दवाखान्यात एमआरआय नव्हता, हे खरं. पण सातारा वीसेक किलोमीटरवर होतं. त्या सोमवारी आम्ही कुणीच पुढचा प्रश्न विचारला नाही. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाहीये. आम्हाला हवं ते उत्तर मिळालं होतं, आणि हवं ते उत्तर मिळालं की आपण तपास थांबवतो. हे आपण सगळीकडेच करतो, दवाखान्यात ते एखाद्याच्या पायावर बेततं इतकंच.

गुरुवारी रात्री कूस बदलताना आजीला काहीतरी 'काट' वाजल्यासारखं वाटलं. सकाळी तिचं डावं पाऊल बाहेर कललेलं होतं.

दुसरा फोटो

शुक्रवारी सकाळी साताऱ्यात. इथला एक्स-रे वाचायला शिकवलं ते हॉस्पिटलमधल्या एका तरुण डॉक्टरनं. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा असेल. त्यानं माझ्या फोनवरचा फोटो बोटांनी मोठा केला आणि नखानं एक कमान दाखवली. मांडीच्या हाडाच्या मानेची आतली कड आणि कटीच्या हाडाची खालची कड यांना जोडणारी एक सलग रेघ असते. तिला शेंटनची रेघ म्हणतात, एका इंग्रज क्ष-किरणतज्ज्ञाच्या नावावरून. उजव्या बाजूला ती रेघ छान वळत गेली होती. डाव्या बाजूला मध्येच तुटून वर सरकली होती.

'मान मोडलीय,' तो म्हणाला. 'खालून मोडलं असतं तर रॉड घालून जोडलं असतं. मान मोडून सरकलीय, त्यामुळे वरचा गोळा बदलायला लागेल.'

हा फरक किती जुना आहे ते मला नंतर कळलं. ॲस्टली कूपर या लंडनच्या सर्जननं १८२२ सालच्या आपल्या ग्रंथात खुब्याच्या सांध्याच्या आवरणाच्या आतलं फ्रॅक्चर आणि बाहेरचं फ्रॅक्चर वेगळं केलं होतं. तेव्हा एक्स-रे नव्हता, भूलही नव्हती. आतलं फ्रॅक्चर सहसा जुळत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. गोळ्याला होणारा रक्तपुरवठा मुख्यतः मानेवरून जातो. मान मोडून सरकली की रक्तवाहिन्या तुटतात आणि गोळा उपाशी पडतो. म्हणून आजीच्या वयात तो जोडत बसत नाहीत, बदलतात.

म्हणजे हा एक्स-रे खऱ्या अर्थानं तपासणी होती. उत्तर 'अ' आलं असतं तर एक ऑपरेशन, 'ब' आलं तर दुसरं. प्रश्नाला दोन वाटा होत्या आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी जात होत्या.

हे सगळं व्हायला अर्धा तासही लागला नाही. काय झालंय ते माहीत होतं, काय करायचं ते माहीत होतं. राहिला होता एकच शब्द: 'फिटनेस.'

पॅसेजमध्ये

फिटनेस म्हणजे आजी भूल आणि ऑपरेशन सोसू शकेल का, हे ठरवणं. रक्त घेतलं. हिमोग्लोबिन ९.६, सोडियम १३१, साखर ठीक. ईसीजी वयाच्या मानानं बरा. मग फिजिशियननी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि जरा जास्त वेळ ऐकत राहिले. हृदयाच्या ठोक्यांबरोबर एक सूक्ष्म घरघर येत होती. एखादी झडप अरुंद झालेली असू शकते. तशी असेल तर भूल दिल्यावर रक्तदाब एकदम खाली जाण्याचा धोका. टूडी इको केला की किती अरुंद आहे ते कळेल. इको करणारे डॉक्टर सोमवारी येणार होते.

संध्याकाळी भूलतज्ज्ञांनी आम्हाला पॅसेजमध्ये बोलावलं. बाबा, आत्या आणि मी. ते स्पष्ट बोलले. 'झडप अरुंद आहे असंच धरून मी उद्या भूल देऊ शकतो. रक्तदाबावर सतत नजर ठेवणारी व्यवस्था करू, औषधं हळूहळू देऊ. नाहीतर सोमवारी इको आणि मंगळवारी ऑपरेशन. धोका दोन्हीकडे आहे. तुम्ही ठरवा.'

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात इंग्रजी वाचणारा, फॉर्म भरणारा, गुगल करणारा मी. मी म्हणालो, 'रिस्क नको. इको होऊ दे.'

भूलतज्ज्ञांनी मान हलवली, फाइलवर काहीतरी लिहिलं आणि गेले. त्यांना थोडं हायसं वाटलं असावं असं तेव्हा मला वाटलं. मला तर वाटलंच होतं.

पॅसेजचं दार अर्धं उघडं होतं. आत चार पावलांवर आजी पडली होती. शुद्धीवर. आदल्या तासाभरात तिनं सिस्टरना स्वतःच्या औषधांची नावं सांगितली होती, शेजारच्या कॉटवरच्या बाईंना माहेर कुठलं ते विचारलं होतं, आणि मला 'जेवलास का' असं दोनदा. तिला आम्ही काही विचारलं नाही. आत जाऊन सांगितलं, 'आजी, मंगळवारी ऑपरेशन आहे हं.' ती म्हणाली, 'बरं.'

दोन प्रकारची उत्तरं

त्या शनिवार-रविवारी मला वाचायला भरपूर वेळ होता. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून फोनवर वाचलेल्यापैकी एक यादी डोक्यातून जात नाही. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०११ च्या आपल्या सूचनांमध्ये खुब्याचं ऑपरेशन पुढे ढकलण्याची मान्य कारणं आणि अमान्य कारणं शेजारी शेजारी लिहिली आहेत. मान्य: हिमोग्लोबिन ८ च्या खाली, सोडियम १२० च्या खाली किंवा १५० च्या वर, पोटॅशियम २.८ च्या खाली किंवा ६ च्या वर, आटोक्यात नसलेली साखर, हृदय निकामी होऊन दम लागणं, फार जलद अनियमित ठोके, छातीतला गंभीर जंतुसंसर्ग, रक्त गोठण्यातला दुरुस्त करता येणारा दोष. अमान्य: थिएटर रिकामं नाही, सर्जन उपलब्ध नाहीत, क्षार किरकोळ कमीजास्त आहेत, आणि इकोची वाट पाहतोय.

इकोची वाट पाहतोय. मी ते तीनदा वाचलं.

मान्य यादीतली जवळपास सगळी कारणं अशी आहेत की त्यांवर काहीतरी करता येतं. रक्त कमी असेल तर चढवता येतं, साखर खाली आणता येते, ठोके ताळ्यावर आणता येतात. वाट पाहण्याचे ते तास रुग्णाच्या कामी येतात. अरुंद झडप मात्र शनिवार-रविवारात रुंद होत नाही. उत्तर काहीही आलं तरी आजीचं ऑपरेशन करायचंच होतं, कारण न करणं म्हणजे तिला कायमचं अंथरुणाला खिळवणं. आणि काळजी कशी घ्यायची ती भूलतज्ज्ञांना आधीच माहीत होती. सोमवारी इको झाला. झडप वयोमानाप्रमाणे जाड झालेली, मध्यम अरुंद. मी विचारलं, 'मग आता काय बदलणार?' ते म्हणाले, 'फारसं काही नाही. शनिवारी जशी दिली असती तशीच देणार.'

म्हणजे त्या तपासणीचं उत्तर आजीच्या बाबतीत काहीच बदलत नव्हतं. ते आमच्या बाबतीत बदलत होतं. उद्या काही बरंवाईट झालं, तर 'आम्ही सगळं तपासलं होतं' असं म्हणता आलं असतं. काही तपासण्या रुग्णासाठी असतात आणि काही साक्षीपुराव्यासाठी. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात, बिलही सारखंच येतं.

इथे डॉक्टरांवर घसरणं सोपं आहे. पण १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. ते गरजेचंच होतं, चुकलेल्या डॉक्टरला जाब विचारायला सामान्य माणसाकडे दुसरी सोपी वाट नव्हती. पण जाब विचारला जाण्याची भीती माणसाला नेहमी जास्त काळजीपूर्वक बनवते असं नाही. कधीकधी ती नुसतंच जास्त कागद गोळा करायला लावते. त्यात माझ्यासारखे नातेवाईक. 'सगळ्या टेस्ट करा' म्हणणारा आणि काही झालं तर 'अमुक टेस्ट का नाही केली' विचारणारा माणूस एकच असतो. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो हे ठीक. पण आम्ही फुंकत बसलो होतो आणि तहानलेली होती आजी.

शनिवारची रात्र

शनिवारी रात्री अडीचच्या सुमारास आजीनं मला 'दादा' म्हणून हाक मारली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो जाऊन वीस वर्षं झाली. बैल कुठे बांधलेत, विचारत होती. लघवीची नळी उपसायला बघत होती. मी हात धरला तर घाबरली. डोळ्यांत ओळख नव्हती.

याला डेलिरियम म्हणतात. खुब्याचं फ्रॅक्चर झालेल्या वृद्धांमध्ये हे पुष्कळदा होतं. वेदना, मोडलेली झोप, अनोळखी जागा, उपासमार, जंतुसंसर्ग, औषधं, यांचं मिळून ते बनतं. वेडसरपणा नव्हे, बहुतेकदा उतरतं. पण ज्यानं ते बघितलंय त्याला 'बहुतेकदा' या शब्दाचा त्या रात्री काही आधार वाटत नाही.

मला इथे प्रामाणिक राहायचंय. 'उशीर झाला की माणूस मरतो' असं ठोकून देणं सोपं होतं, पण ते इतकं सरळ नाही. ज्यांचं ऑपरेशन उशिरा होतं ते जास्त मरतात, असं पुष्कळ नोंदींमध्ये दिसतं. मात्र जे आधीच जास्त आजारी असतात त्यांचंच ऑपरेशन लांबतं, तेव्हा दोष उशिराचा की आजाराचा हे सांगणं कठीण. म्हणून एक मोठा प्रयोग झाला, 'हिप अटॅक' नावाचा. २०२० साली तो 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. १७ देशांतली ६९ रुग्णालयं, त्यांत भारतातलीही होती, आणि २९७० रुग्ण. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत झालं, दुसऱ्याचं नेहमीच्या पद्धतीनं, साधारण २४ तासांत. नव्वद दिवसांत पहिल्या गटातले ९ टक्के दगावले, दुसऱ्यातले १० टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, इतका लहान. म्हणजे घाईनं जीव वाचतो, असं सिद्ध झालं नाही. त्याचबरोबर घाईमुळे तपासणी अपुरी राहून जास्त माणसं गेली, असंही झालं नाही. आणि लवकर ऑपरेशन झालेल्यांमध्ये डेलिरियम कमी होता, लघवीचा जंतुसंसर्ग कमी होता, वेदना कमी होत्या. ती माणसं लवकर उभी राहिली, लवकर घरी गेली.

मला या निकालानं जास्त विचारात पाडलं. उशीर आणि मृत्यू यांचा थेट हिशोब निघाला असता, तर निर्णय सोपा झाला असता. इथे मृत्यूचा आकडा जवळपास तोच राहतो आणि बदलतं ते मधलं सगळं. रात्री अडीच वाजता आपल्या नातवात मेलेला भाऊ दिसणं. बेडपॅन सरकवताना ओठ दाबून धरणं. आपण मात्र 'रिस्क' म्हणतो तेव्हा मनात एकच गोष्ट असते, मरण. बाकीचं आपण सोसण्याच्या खात्यात टाकतो. आणि सोसणारा दुसरा असतो.

'रिस्क नको' म्हणताना माझी समजूत होती की ऑपरेशन करणं ही कृती आहे आणि थांबणं म्हणजे काही न करणं. कृतीचा दोष आपल्याला लागतो, थांबण्याचा लागत नाही. पण आजीचं शरीर थांबलेलं नव्हतं. थांबण्याच्या त्या प्रत्येक तासात तिच्या बाबतीत काहीतरी केलं जात होतं: तिला दुखत ठेवलं जात होतं. अकर्मातही कर्म पाहावं, ही शिकवण आपल्याकडे गीतेपासून चालत आलीय. आजीनं गीता पाठ म्हटलेली मी लहानपणापासून ऐकलीय. मी आपला तिच्या उशाशी बसून अकर्मालाच सावधपणा समजत होतो.

थांबायचंच होतं तर निदान दुखणं थांबवायला हवं होतं. जांघेजवळ इंजेक्शन देऊन खुब्याकडच्या नसा बधिर करता येतात. फ्रॅक्चर कळताच, ऑपरेशनच्या पुष्कळ आधी ते देता येतं. रविवारी सकाळी मी विचारल्यावर भूलतज्ज्ञांनी ते लगेच दिलं. आजी दुपारी चार तास शांत झोपली. मी शुक्रवारी विचारलं असतं, तर शुक्रवारी मिळालं असतं. शुक्रवारी मी फक्त हृदयाबद्दल विचारत होतो.

पण उलटं झालं असतं तर?

हा प्रश्न मी स्वतःला टाळू दिलेला नाही. समजा, मी शनिवारचं ऑपरेशन निवडलं असतं आणि आजी टेबलावरच गेली असती. मग मी नेमका उलटा लेख लिहिला असता: 'एका इकोसाठी दोन दिवस थांबलो असतो तर.' बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली याला 'नैतिक नशीब' असं नाव दिलं. निर्णय तोच असतो, परिणाम दैवाच्या हातात असतो, आणि लोक निर्णयाला परिणामावरून चांगला-वाईट ठरवतात. आपण स्वतःलाही तसंच ठरवतो.

म्हणून मंगळवारी ऑपरेशन नीट झालं, यावरून माझा निर्णय बरोबर ठरत नाही. आणि शनिवारी आजी बरळली, यावरून तो चूक ठरत नाही. शनिवारी ऑपरेशन झालं असतं तरी ती बरळली असती, हे शक्य आहे. निर्णय जोखायचा तर शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्याकडे काय होतं, एवढ्यावरूनच जोखायला हवा. तेव्हा आमच्याकडे एक स्पष्ट बोलणारा डॉक्टर होता. दोन वाटा होत्या, दोन्हींत धोका होता. कुठला धोका घ्यायचा, हा वैद्यकशास्त्राचा प्रश्नच नव्हता. तो आवडीनिवडीचा, स्वभावाचा, आयुष्याकडे बघण्याचा प्रश्न होता. आणि ते आयुष्य ज्याचं होतं ते माणूस चार पावलांवर जागं होतं.

माझी चूक इको मागण्यात नव्हती. माझी चूक पॅसेजमध्ये उभं राहण्यात होती.

कायदाही हेच म्हणतो. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात दोन गोष्टी सांगितल्या. तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे उपचारासाठी दिलेली संमती नव्हे. आणि रुग्ण सज्ञान, समजत्या अवस्थेतला असेल आणि जीव वाचवण्याची तातडी नसेल, तर संमती त्याचीच लागते. त्या खटल्यात रुग्ण भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेतली होती, ती चालणार नाही असं न्यायालय म्हणालं. आईची चालत नाही, तर नातवाची कुठून चालणार? पण आपल्याकडे साठी उलटली की माणसाची सही हळूहळू घरच्यांकडे जाते. आधी बँकेची, मग गॅसच्या पुस्तकाची, मग शरीराची. प्रेमानंच जाते. म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि हे विचारायची वेळही अमर्याद नसते. शुक्रवारी आजीला विचारता आलं असतं. शनिवारी रात्री तिला बैल कुठे बांधलेत याची काळजी होती. आम्ही तिच्या हृदयाबद्दल माहिती मिळवायला थांबलो आणि त्या थांबण्यात, जिला विचारायचं तीच काही काळ हरवली.

राहून गेलेला प्रश्न

सगळ्या तपासण्यांमध्ये एक प्रश्न कुणीच विचारला नव्हता. तो गुरुवारी सकाळी, ऑपरेशननंतर दोन दिवसांनी, वॉर्डातल्या मावशींनी आजीची वेणी घालताना विचारला. 'याच्या आधी कवा पडला होता का आजी?'

'दोनदा,' आजी म्हणाली. 'श्रावणात एकदा, आन् दिवाळीच्या तोंडाला एकदा.'

'मग घरात सांगितलं न्हाई?'

'सांगितलं तर पुण्याला नेऊन ठेवत्याल.'

मी खिडकीपाशी उभा होतो. मला ऐकू यावं म्हणून ती बोलली की मी तिथे आहे हे विसरून, ते मला अजून कळलेलं नाही.

मग धागा उलगडत गेला. उन्हाळ्यात तिची रक्तदाबाची गोळी वाढवली होती. रात्री गोळी, पहाटे अंधारात उठणं, उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी. झोपून आणि मग उभं राहून रक्तदाब मोजला असता, तर किती खाली येतो ते दोन-तीन मिनिटांत कळलं असतं. त्याला लागणारं यंत्र प्रत्येक दवाखान्यात असतं. हाडांचंही तसंच. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला आतून बारीक जाळी असते. ती एक्स-रेत किती विरळ दिसते यावरून हाड किती ठिसूळ झालंय ते ठरवण्याची पद्धत १९७० साली सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी, मांडली होती. आता त्यासाठी डेक्सा स्कॅन असतो. आजीची हाडं काही त्या सोमवारी ठिसूळ झाली नव्हती.

हाड कुठे मोडलं, हे आम्ही दोन एक्स-रे काढून शोधलं. हृदय किती थकलंय, त्यासाठी चार रात्री थांबलो. ती का पडली, हे विचारायला फणी हातात असलेली एक बाई लागली. आणि या उत्तरावर मात्र खरंच काहीतरी करता येण्यासारखं होतं.

आता

आजी सध्या साताऱ्यात आत्याकडे आहे. वॉकर घेऊन हॉलपर्यंत येते, डावा पाय जरासा ओढते. रक्तदाबाची गोळी कमी झालीय, हाडांसाठी औषध सुरू झालंय. त्या रात्रीचं तिला काही आठवत नाही. मी सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात मात्र मी तिला विचारलं. 'आजी, त्या शुक्रवारी मी तुला विचारलं असतं, उद्या करूया की सोमवारपर्यंत थांबूया, तर तू काय म्हणाली असतीस?'

तिनं शेंगा सोलता सोलता उत्तर दिलं. 'मी म्हनले असते, तुला काय वाटतंय ते कर.'

मला जरा हसू आलं, जरा वाईटही वाटलं. एवढ्या विचारानंतर हे उत्तर. 'म्हणजे फरक काहीच पडला नसता.'

'ऑपरेशनला नसता पडला,' ती म्हणाली. 'पन इचारायचं तरी.'

दवाखान्यात कधी पॅसेजमध्ये उभे राहिलात, तर माझ्याकडून दोन प्रश्न घेऊन जा. डॉक्टरांना विचारा: या तपासणीचं उत्तर काहीही आलं, तर आपण वेगळं काय करणार आहोत? उत्तर मिळालं तर तपासणी जरूर करा, त्यासाठी थांबाही. आणि थांबणार असाल तर तोवर दुखणार कुणाला, हेही विचारा. मग दार ढकलून आत जा आणि उरलेलं बोलणं कॉटजवळ करा.

सध्या आमच्याकडे आजीनं गावी परत जायचं की नाही यावर चर्चा चालू आहे. बाबा म्हणतात नको, आत्या म्हणते उन्हाळा होऊ दे. मोरीत धरायला दांडी बसवलीय, पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारा दिवा लावलाय. फॅमिली ग्रुपवर या वेळी आजीलाही घेतलंय. तिला टाइप करता येत नाही, म्हणून ती व्हॉइस मेसेज पाठवते. काल रात्रीचा शेवटचा मेसेज तिचाच आहे, अकरा सेकंदांचा. त्यात ती म्हणते की दांडी चांगली झालीय, पण दिव्याचं बिल कोण भरणार ते आधी ठरवा.